सुईणीपासून आशाताईंपर्यंत : आपल्या डोंगरपट्टीतील आरोग्यसेवेचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी आरोग्य या विषयावर काही लिहून द्यावे, अशी कार्यवाह भगिनींची सूचना आली. बाळंतिणीचा आहार, मुलांच्या लसी, पाणी उकळून पिणे या गोष्टींवर आपल्या बैठकांतून वेळोवेळी बोलणे झालेलेच आहे. तेव्हा या खेपेस थोडा निराळा विषय घ्यावा असे मी ठरविले. आपल्या पोशेऱ्यात आणि एकंदर जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत सरकारी आरोग्यसेवा कशी आली, कोणकोणत्या योजनांनी आली, आणि मुख्य म्हणजे ती कोणाच्या हातांनी आली, याचा थोडक्यात इतिहास येथे सांगावयाचा आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मी या भागात सहाय्यक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे आपल्या बोलण्यातली नर्सबाई, म्हणून काम केले. त्यामुळे यातील पुष्कळसा भाग वाचून मिळविलेला असला, तरी काही भाग पायांनी चालून मिळविलेला आहे.

राष्ट्राच्या आरोग्याची नवी घडी बसविण्याचे बेत आपल्या देशात गेल्या ऐंशी वर्षांत अनेकदा झाले. प्रत्येक बेतात इमारती किती, खाटा किती, रुपये किती, याचा हिशेब आधी झाला. घरोघर जाणारी बाई कोण, तिला कोण शिकविणार, ती राहणार कोठे, रात्रीबेरात्री अडचण आली तर तिच्या पाठीशी कोण उभे राहणार, हा हिशेब मात्र शेवटी झाला. जेथे हा शेवटचा हिशेब नीट झाला तेथे योजना फळास आली. जेथे तो राहिला तेथे योजना कागदावर राहिली. माझे म्हणणे एवढेच आहे. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

सुईण

दवाखाना येण्यापूर्वी आपल्या पाड्यांवर दोन माणसांचा आधार असे. आजारपणाला भगत आणि बाळंतपणाला सुईण. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, कोणत्याही जमातीचा पाडा घ्या, एखादी जाणती आजी असायचीच. तिने कोणतीही परीक्षा दिलेली नसे. पण पाड्यावरील निम्मी माणसे तिच्या हातून जगात आलेली असत. बाई घाबरली तर तिला धीर कसा द्यावा, पोटावरून हात फिरवून मूल आडवे आहे की उभे हे कसे ओळखावे, हे तिला चांगले समजत असे. पहिल्या काही वर्षांत अशा आज्यांकडून मी जे शिकले, ते माझ्या पुस्तकात नव्हते.

परंतु एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती, ती म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू. नाळ विळ्याच्या पात्याने किंवा बांबूच्या धारदार कामटीने कापली जाई आणि त्यावर राख किंवा माती लावली जाई. मग काही दिवसांत बाळ दूध ओढीनासे होई, अंग ताठ होई आणि बाळ जाई. लोक म्हणत, बाहेरचे काही लागले. तो होता धनुर्वात. उकळलेले पाते, स्वच्छ दोरा, साबणाने धुतलेले हात आणि गरोदरपणात मातेला दोन सुया, एवढ्या उपायांनी टळणारे मरण ते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचे मान्य केले. त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही. परंतु यात ज्या असंख्य सुईणींनी म्हातारपणी आपली जुनी पद्धत सोडून नवी उचलली, त्यांचा वाटा मोठा आहे, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

शहरातील पहिल्या परिचारिका

आता थोडे आपल्या डोंगरातून खाली उतरून पुण्या-मुंबईकडे पाहू. कारण परिचारिका हा व्यवसाय आपल्याकडे आला तो त्या वाटेने.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन आल्या, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. त्याच साली मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. डॉ. रखमाबाई लंडनमध्ये शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. डॉक्टर स्त्रियांचा असा गौरव झाला, तो योग्यच झाला. पण रुग्णाचे अंग पुसणारी, मलमूत्र काढणारी, रात्रभर जागणारी जी परिचारिका, तिच्या कामाला मात्र समाज हलके मानीत असे. उच्चवर्णीय घरातील विधवेने उपाशी राहावे, पण परक्याच्या जखमा धुऊ नयेत, असा तो काळ.

ही कोंडी फोडण्यात रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाचे नाव पुढे येते. सेवासदन १९०९ साली निघाले आणि पुढे त्यांनी ससून रुग्णालयात मुलींना परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय केली. मुलींच्या राहण्यासाठी वसतिगृह चालविले. ही वसतिगृहाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाईला काम शिकवावयाचे तर आधी तिच्या डोक्यावर विश्वासाचे छप्पर हवे, हे रमाबाईंनी ओळखले. शंभर वर्षांनंतरही अनेक उपकेंद्रांतील नर्सबाईंच्या राहण्याचा प्रश्न सुटलेला नाही, हे पाहिले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीचे नवल वाटते.

१९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका, प्रसाविका व आरोग्यभेटीदार स्त्रिया यांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४७ साली अखिल भारतासाठी परिचर्या परिषदेचा कायदा आला. म्हणजे स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या व्यवसायास कायद्याची मान्यता नुकतीच मिळत होती.

भोर समितीचा आराखडा

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ साली, सरकारने देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. हे घराणे आपल्या शेजारच्या नाशिकचे आणि त्यांचे शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले. समितीचा अहवाल १९४६ साली आला. त्यातील आकडे आजही वाचले म्हणजे अंगावर काटा येतो. त्या काळी सुमारे ३० कोटी लोकवस्तीस शिक्षित परिचारिका होत्या अवघ्या ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. शिक्षित प्रसाविका ५,०००. म्हणजे ६०,००० माणसांमागे एक. डॉक्टर मात्र ४७,५०० होते, आणि त्यांतले बहुतेक शहरात. दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणात दगावत. हजार जन्मलेल्या मुलांपैकी १६० च्या वर मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. शिवाय ही गणती ब्रिटिश मुलखाची. आपल्या शेजारचे जव्हार तेव्हा मुकण्यांचे संस्थान होते; ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले.

भोर समितीने सांगितले की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणासही उपचाराविना परत जावे लागता कामा नये. दर ४०,००० वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, आणि त्यात दोन डॉक्टर, चार आरोग्य परिचारिका, चार प्रसाविका, चार प्रशिक्षित दाया असाव्यात, असा पहिल्या टप्प्याचा आराखडा त्यांनी दिला. १९७१ सालापर्यंत दर ५०० माणसांमागे एक परिचारिका व्हावी, अशी त्यांची अपेक्षा होती.

या आराखड्यातील एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका केंद्रात डॉक्टर दोन आणि बाकी शिकलेल्या स्त्रिया बारा. अडाणी म्हणून सुईणीला समितीने बाहेर काढले नव्हते; पुरेशा प्रसाविका तयार होईपर्यंत तिलाच शिकवून घ्यावे, असे सुचविले होते. कागदावर हिशेब अगदी चोख होता.

प्रत्यक्षात काय झाले? २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे येऊ लागली. परंतु पैसा अपुरा, म्हणून एका केंद्राखाली ४०,००० च्या जागी एका गटाची साठ-सत्तर हजार, काही ठिकाणी लाखभर वस्ती आली, आणि माणसे मात्र आराखड्यापेक्षा कमी नेमली गेली. पूर्ण शिकलेल्या परिचारिका तयार होण्यास वेळ लागणार, म्हणून दोन वर्षांचा सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम निघाला. अशा रीतीने सातवी-आठवी शिकलेल्या, विशीतल्या मुली देशाच्या आरोग्याचा भार घेऊन खेड्यांकडे निघाल्या. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर महाराष्ट्रात ही केंद्रे त्यांच्याकडे गेली.

नर्सबाई एकटी

१९७० नंतरच्या दशकात मीही अशीच निघाले. माझे माहेर नाशिककडचे. शिकताना मोठ्या रुग्णालयात काम केले होते. हाक मारली की डॉक्टर येत, नळाला पाणी असे, दिवा असे. नेमणूक झाली ती एका भाड्याच्या खोलीत. खोलीला ना मोरी ना संडास. कंदील, स्टोव्ह, उकळण्याचे भांडे, एनॅमलची तबकडी, कात्री, दोरा आणि औषधांची पेटी एवढे सामान. पावसाळ्यात ओहोळ भरले म्हणजे केंद्र एकीकडे, मी दुसरीकडे आणि अडलेली बाई तिसऱ्याच पाड्यावर. रुग्णालयात जे शिकविले ते खोटे नव्हते. पण जेथे डॉक्टर नाही, वाहन नाही, तेथे रक्तस्राव सुरू झाला तर काय करावयाचे, हे कोणी शिकविले नव्हते. कामाची तयारी म्हणजे केवळ परीक्षा नव्हे, हे मला तेव्हा कळले.

त्यावेळी मला तारले ते पाड्यावरील सुईणीने. पहिल्या दिवशी ती दारात बसून नुसती पाहत होती. मी पाणी उकळत ठेवले, तेव्हा तिने बाईला पाठीमागून आधार देऊन बसविले. दोघींची वाटणी आपोआप झाली. माझ्याकडे पाते आणि सुई, तिच्याकडे विश्वास. पुढे सरकारने दायांना शिकवून त्यांना स्वच्छ सामानाची पेटी देण्याची योजना चालविली, तेव्हा तिच्यासारख्या पुष्कळ जणी आनंदाने आल्या.

१९७३ साली कर्तारसिंग समितीचा अहवाल आला. तोवर हिवतापाचा माणूस वेगळा, देवीची लस टोचणारा वेगळा, कुटुंबनियोजनाची बाई वेगळी अशी पद्धत होती. समितीने म्हटले, एकाच घरी चौघांनी जाण्यापेक्षा सर्व कामे जाणणारी एक स्त्री व एक पुरुष असे बहुउद्देशीय कर्मचारी असावेत. दर तीन-साडेतीन हजार वस्तीस एक जोडी. विचार उत्तम होता. १९७५ च्या मे महिन्यात देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला, त्यामुळे ती माणसेही मोकळी झाली होती. परंतु पुष्कळ ठिकाणी पुरुषाची जागा रिकामी राहिली आणि सर्व उद्देश एकट्या बाईच्या पिशवीत येऊन पडले. लसीकरण, हिवतापाचे रक्तनमुने, गरोदर मातांची नोंद, कुटुंबनियोजन, शाळा-तपासणी, साथ आली की विहिरीत टीसीएल टाकणे, आणि या सर्वांची रजिस्टरे.

त्यातच १९७६ साल आले. आणीबाणीच्या काळात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे आकडे वरून ठरून येऊ लागले. ज्या अंगणात मला बसावयास गोणपाट टाकीत, तेथून मला येताना पाहून माणसे रानात जाऊ लागली. लस टोचून घ्यावयासही बाया बाहेर येईनात. हा विश्वास पुन्हा मिळविण्यास किती वर्षे लागली, ते आम्हा नर्सबायांनाच ठाऊक. असे उद्दिष्टांचे आकडे वरून ठरविण्याची पद्धत सरकारने १९९६ साली बंद केली. आरोग्यसेविकेचे खरे भांडवल तिच्यावरील विश्वास हे आहे, आणि योजनेने ते उधळू नये, हा त्या वर्षांचा धडा होय.

गावातलेच माणूस

नेमणूक होऊन आलेली बाई एकटी पडते, मग गावातलेच माणूस का तयार करू नये, असा विचार पुढे आला. चीनमध्ये शेतकऱ्यांतूनच ‘अनवाणी डॉक्टर’ तयार केल्याची चर्चा तेव्हा जगभर होती. २ ऑक्टोबर १९७७ रोजी आपल्या सरकारने हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक निवडण्याची योजना काढली. तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, अल्मा-आता येथील परिषदेत ‘२००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य’ अशी घोषणा जगातील राष्ट्रांनी केली.

आरोग्यरक्षकांची योजना मात्र बहुतेक ठिकाणी फसली. निवडले गेले ते बहुतांशी पुरुष, पुष्कळदा वजनदार घरांतील. बाळंतिणीच्या खोपटात पुरुष कसा जाणार? काहींनी डॉक्टरकी थाटली, काहींनी कायम नोकरीची मागणी केली. पाठपुरावा करणारे कोणी नव्हते.

याच काळात आपल्याच महाराष्ट्रात याच्या अगदी उलट प्रयोग चालू होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली नगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. त्यांनी गावागावांतून बायाच निवडल्या. आणि त्याही बहुतांशी निरक्षर, गरीब, काही दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. या बाया जामखेडला एकत्र जमत, थोडे शिकत, गावी जाऊन ते करून पाहत, पुन्हा येऊन अडचण सांगत. शिक्षण एकदाच उरकले गेले नाही. ते वर्षानुवर्षे चालू राहिले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारी योजनेत शिकविले तीन महिने आणि सोडून दिले. जामखेडला शिकविले आणि सोडले नाही. दोन्हींतील फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

आपल्या जिल्ह्याकडेही असे एक उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम सुरू केले व १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, ही त्यांची कल्पना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून आज घरोघरी ठाऊक झालेली अंगणवाडी उभी राहिली, आणि तीही चालविली गावातल्याच बाईने.

१९९२ आणि त्यानंतर

एवढ्या योजना होऊनही १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालमृत्यू झाले आणि आपल्या डोंगरपट्टीचे नाव सर्व वृत्तपत्रांत आले. त्यावेळी मंत्री आले, अधिकारी आले, गाड्यांची रांग लागली. कारणे सर्वांनाच ठाऊक होती. नागली-वरईचे पीक दिवाळीपर्यंत घरात येते, मग पाड्यांवरील माणसे ‘जगायला’ बाहेर पडतात, भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर. गरोदर बाईही जाते. तिची नोंद येथे आणि पोट तेथे. परत येते ती पावसाच्या तोंडाशी, कणगी रिकामी, बाळ अशक्त आणि रस्ते बंद होण्याच्या बेतात. भुकेवर औषध नसते. पण भुकेने खंगलेल्या बाळास जुलाब किंवा न्युमोनिया झाला, तर दोन दिवसांच्या आत कोणीतरी ओळखावे लागते. ते ओळखणारे माणूस पाड्यावर नव्हते.

१९९५ साली राज्य सरकारने आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आणली. निरनिराळ्या खात्यांनी एकत्र काम करावे, पावसाळ्यापूर्वीच धान्य व औषधे पोचवावीत, डॉक्टरांची भरारी पथके फिरावीत आणि पाड्यापाड्यावर स्वयंसेवक नेमावा, अशी ती योजना. उपकेंद्राचा मापदंडही डोंगराळ व आदिवासी भागासाठी निराळा झाला होता. इतरत्र ५,००० वस्तीस एक, तर येथे ३,००० वस्तीस एक. परंतु तीन हजार माणसे सपाटीवर एका गावात राहतात. आपल्याकडे ती दहा-पंधरा पाड्यांत, दोन-तीन ओहोळांच्या अल्याडपल्याड राहतात. माणसे मोजली, वाट मोजली नाही.

‘ते ओळखणारे माणूस’ कसे तयार करावे, याचे उत्तर गडचिरोलीतून आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील खेड्यांतील बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचा श्वास मोजणे, वजन करणे, ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार सुरू करणे, हे त्या घरी जाऊन करीत. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाड्यावरील थोड्या शिकलेल्या बाईस नीट शिकविले, सामान दिले आणि पाठीशी उभे राहिले, तर ती काय करू शकते याचा हा पुरावा.

आशाताई

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून आपल्या आशाताई आल्या. निवडताना ती त्याच गावची सून किंवा रहिवासी असावी, २५ ते ४५ वयाची असावी, शक्यतो आठवीपर्यंत शिकलेली असावी. आदिवासी भागात शिक्षणाची अट सैल करावी आणि वस्ती विखुरलेली असेल तर हजाराची अट न धरता पाड्याप्रमाणे नेमावी, असे ठरले. आरोग्यरक्षक योजनेची चूक येथे सुधारली गेली. निवडली गेली ती बाईच. २०११ सालापासून बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळ तपासण्याचे काम आशांकडे आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. गडचिरोलीचा धडा असा देशभर गेला. २०१४ सालापासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. त्याच वर्षी १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि जिल्ह्याचे ठिकाण ठाण्याहून जवळ आले.

बदल झाला, तो नाकारता येणार नाही. २००५ साली महाराष्ट्रात हजार जन्मांमागे ३६ अर्भके दगावत. २०२० साली हा आकडा १६ वर आला. आमच्या काळी दवाखान्यात बाळंत होणारी बाई विरळा. आता घरी होणारी विरळा.

परंतु हिशेबातील जुनी उणीवही तशीच राहिली. आशाताईंस पगार नाही. कामागणिक मोबदला आणि मानधन. ते वेळेवर मिळावे म्हणून त्यांना रस्त्यावर यावे लागते. २०२१ च्या जूनमध्ये करोनाची दुसरी लाट ओसरत असताना राज्यभरच्या आशांनी संप केला, तो हौसेने नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आपल्या मोखाडा तालुक्यात रस्ता नसल्यामुळे एका बाळंतिणीस डोलीत घालून न्यावे लागले. तिची जुळी बाळे वाचली नाहीत. गौरवपत्र आणि डोली एकाच वर्षातली. आणखी एक गोष्ट. बाळंतपण दवाखान्यात आणावयाचे, म्हणून सुईणीला बाजूस सारण्यात आले. पण दवाखान्यापर्यंतची वाट झाली नव्हती. रात्री गाडी आली नाही, तर त्या पाड्यावर आता जाणती आजीही नाही.

नवी घडी आणि आपण

२०१८ साली केंद्र सरकारने देशातील दीड लाख उपकेंद्रे व प्राथमिक केंद्रे आरोग्यवर्धिनी करण्याचे ठरविले. त्यांस आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात. आयुर्वेदाचे अथवा परिचर्येचे पदवीधर आणि त्यांना सहा महिन्यांचे विशेष शिक्षण. पूर्वी उपकेंद्र म्हणजे केवळ लस व बाळंतपण. आता रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा व स्तनाचा कर्करोग यांची तपासणीही तेथे व्हावयाची आहे. हे स्वागतार्हच आहे. भोरसाहेबांनी १९४६ साली जे मागितले, त्याच्या जवळ आपण येत आहोत.

पण भगिनींनो, इतिहास आपणास चार प्रश्न विचारावयास शिकवितो. पहिला, नेमलेल्या व्यक्तीस येथल्या कामाचे शिक्षण आहे काय, की शहरातील रुग्णालयाचे? दुसरा, तिला राहण्यास सुरक्षित घर, पाणी व संडास आहे काय? तिसरा, तिने मोठ्या दवाखान्यात धाडलेला रुग्ण तेथे घेतला जातो काय? मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जव्हारचे कुटीर रुग्णालय आणि तेथूनही पुढे नाशिक, ही साखळी एका जागी तुटली तरी खालच्या बाईची सारी तयारी फुकट जाते. चौथा, तिचा मोबदला वेळेवर मिळतो काय? या चारांची उत्तरे होकारार्थी असतील तर नवी घडी बसेल. नसतील तर भिंतीवरील पाटी बदलेल, एवढेच.

यांतील पुष्कळशा गोष्टी सरकारने करावयाच्या आहेत आणि त्या मागण्याचा आपला हक्क आहे. ग्रामसभेत आपण बसतो. तेथे उपकेंद्राचा विषय काढावा. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत स्त्रिया असतात. त्यांनी खर्चाचे कागद पाहावेत. काही गोष्टी मात्र आपल्याच हातच्या आहेत. रात्री आशाताई निघाली तर सोबतीला दोघींनी जावे. दिवाळीनंतर ‘जगायला’ जाणाऱ्या गरोदर बायांची यादी मंडळाने ठेवावी, त्यांचे माता-बाल कार्ड त्यांच्या सोबत धाडावे आणि त्या परतल्या की दुसऱ्याच दिवशी आशाताईंस कळवावे. पाड्यावर अजून ज्या वृद्ध सुईणी आहेत, त्यांना आपल्या बैठकीस बोलावावे; त्यांच्यापाशी धीर देण्याची जी विद्या आहे, ती तरुण मुलींनी ऐकून ठेवावी. आणि आपल्या पाड्यावरील एखादी मुलगी परिचारिका होऊ म्हणाली, तर तिच्या शिक्षणासाठी आपल्या बचतगटातून हात पुढे करावा. येथली भाषा, येथली वाट आणि येथली भूक जिला आधीच ठाऊक आहे, तिला तयार करणे सर्वांत सोपे.

१९४६ च्या अहवालात मोजलेल्या त्या सात हजार परिचारिकांत आपल्या पाड्यांवरची कोणी असेल असे वाटत नाही. आज आपल्या मुली त्या गणतीत आहेत. त्यांची संख्या वाढो, त्यांना त्यांच्या कामाचा योग्य मान व योग्य दाम मिळो, आणि त्या कामात आपले मंडळ सदैव त्यांच्या पाठीशी राहो, एवढी इच्छा व्यक्त करून भगिनींची रजा घेते.